केडगावचा छापखाना

माझी हयात छपाईचे खिळे जुळवण्यात गेली, म्हणून पंडिता रमाबाईंचा विषय निघाला की माझं मन आधी त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात जातं.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. त्याच्या कितीतरी आधी, १८७४च्या सुमारास, दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीनं गेले होते. १८९६-९७ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. अंगावर हाडं आणि चिंध्या, एवढंच. त्यांना आधी जेवण दिलं, मग अक्षरं, मग हाताला काम: शेती, विणकाम, छपाई. पोटभर जेवू घालणारे पुष्कळ भेटतात. पुढे माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणारं प्रेम मला जास्त खरं वाटतं.

मराठी कंपोझिंग सोपं नव्हे. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं मिळून केसमध्ये शेकडो खाने. प्रत्येक खिळा उलटा वाचायचा, ओळ भरली की शब्दांमधल्या कोऱ्या खिळ्यांनी घट्ट करायची. बोटं काळी होतात, मान धरते. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलेलं अख्खं बायबल केडगावच्या बायकांनी असं जुळवलं, छापलं. मुली तिथे आल्या तेव्हा अनेकींना अक्षरओळखही नव्हती!

रमाबाई अखेरपर्यंत प्रुफं तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल त्यानंतर, १९२४ साली, बाहेर पडलं.