ग्रीक पुराणकथांतील राक्षसांवरून आलेले इंग्रजी शब्द

ग्रीक पुराणकथांतील राक्षस व अक्राळविक्राळ प्राणी यांच्या नावांवरून इंग्रजी भाषेत अनेक शब्द रूढ झाले आहेत. त्यांतील बरेचसे लॅटिनमार्गे आले, तर काही शास्त्रज्ञांनी हेतुपुरस्सर योजले. हायड्रा, सायरन, गिगाबाइट हे शब्द मराठीतही वापरले जातात.

जीवशास्त्र

हायड्रा : लर्ना येथील दलदलीत राहणारा अनेकमुखी जलसर्प. त्याचे एक मस्तक छाटले असता त्या जागी दोन उगवत. हेराक्लीसने पुतण्या आयोलाउस याच्या साहाय्याने जखमा डागून त्याचा वध केला. तुटलेल्या भागापासून पुन्हा पूर्ण शरीर घडविणाऱ्या, गोड्या पाण्यातील एका लहान प्राण्याच्या प्रजातीला लिनीअसने १७५८ मध्ये हे नाव दिले.

कायमेरा : पुढे सिंह, मध्ये शेळी व मागे सर्प असा अग्नी ओकणारा प्राणी. बेलेरोफोनने त्याचा वध केला. इंग्रजीत या शब्दाला ‘अशक्य कल्पना’ असा अर्थ आला. १९०७ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स विंकलर यांनी दोन वनस्पतींच्या कलमातून निर्माण झालेल्या मिश्र रोपासाठी तो योजला. आज भिन्न जनुकीय घडणीच्या पेशी एकत्र असलेल्या सजीवास कायमेरा म्हणतात. कर्करोगावरील ‘कार-टी’ उपचाराच्या नावातील पहिले अक्षर ‘काइमेरिक’ या विशेषणाचे होय. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल सेंटर यांनी विकसित केलेल्या अशा उपचाराचे लोकार्पण २०२४ मध्ये झाले.

ध्वनी व मापन

सायरन : मधुर गायनाने खलाशांना भुलवून त्यांचा नाश करणाऱ्या मायाविनी. फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यार द ला तूर यांनी १८१९ मध्ये आपल्या ध्वनियंत्राला हे नाव दिले. ते पाण्याखालीही वाजत असे. पुढे त्याचा उपयोग धोक्याची सूचना देण्यासाठी होऊ लागला. म्हणजेच संकटाकडे ओढणारीचे नाव संकटापासून सावध करणाऱ्या भोंग्यास मिळाले.

गिगा : ‘गिगास’ म्हणजे महाकाय. यावरून ‘जायंट’ हा शब्द, तसेच अब्जपट दर्शविणारा ‘गिगा’ हा उपसर्ग आला.

वाक्प्रचार

सहा मस्तकांची सिला व समुद्र गिळणारी कॅरिब्डिस यांच्यामधून ओडिसिअसला जहाज न्यावे लागले. ‘सिला व कॅरिब्डिस यांच्यामध्ये’ हा इंग्रजी वाक्प्रचार मराठीतील ‘इकडे आड, तिकडे विहीर’ या म्हणीच्या अर्थाचा आहे.

व्युत्पत्तीविषयक गैरसमज

अपोलोने डेल्फी येथे मारलेल्या पायथॉन सर्पावरून अजगराच्या प्रजातीला नाव मिळाले. पायथॉन ही संगणकभाषा मात्र ‘माँटी पायथॉन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ओळखली जाते. ‘टायफून’ या शब्दाचे मूळही केवळ टायफॉन या राक्षसात शोधता येत नाही; त्याच्या घडणीत अरबी ‘तूफान’ व चिनी शब्दांचाही वाटा आहे. मराठीतील ‘तुफान’ हा शब्द अरबी-फारसीतून आला आहे.