आई-बाबांना तपासणारा मानसशास्त्रज्ञ शिकतो काय?



व्हिजिट व्हिसावर आलेल्या आई-बाबांना संध्याकाळी रोल्लाच्या पार्कमध्ये फिरवून आणणे हा आपल्यापैकी पुष्कळांचा कार्यक्रम. (ज्या वडावरून रोल्ला हे नाव पडले तो १९७८ मध्येच कोसळला. असो.) तिथल्याच बाकावर आईने मला दहा मिनिटांत तीनदा विचारले, "आपण जेवलो का रे?"

भारतात परतल्यावर एका ठिकाणी तिची 'मेमरी टेस्ट' झाली. शंभरातून सात-सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, आकृती काढा. आईची शाळा चौथीपर्यंत. कागदावर 'डिमेन्शिया' लिहून आले आणि घरात रडारड झाली. पुढे दुसऱ्या एका बाईंनी दोन बैठकांत, मराठीत, बाबांच्या जाण्यापासून सगळे विचारून घेतले. निघाले ते नैराश्य, आणि तिला ऐकूही कमी येत होते! तेव्हा प्रश्न पडला, या बाई असे काय वेगळे शिकल्या?

मी कॉम्प्युटरवाला, डॉक्टर नव्हे. पण जे समजले ते असे. सायकियाट्रिस्ट हा एम.बी.बी.एस. करून पुढे शिकलेला डॉक्टर, औषधे तो देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा रस्ता वेगळा: मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी., मग दोन वर्षे पूर्णवेळ एम.फिल., रुग्णालयात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. बंगळुरूला, आज जिथे निम्हान्स आहे तिथे, हे शिक्षण १९५५ मध्ये सुरू झाले. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेतही ही एम.फिल. होत आली आहे. यू.जी.सी.ने एम.फिल. पदवीच बंद केली. या विषयाला मात्र २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली. त्यामुळे पदवीच्या नावावर फार जाऊ नका. भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आर.सी.आय.च्या, नोंदवहीत 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून नाव आहे का आणि सी.आर.आर. क्रमांक काय, हे विचारा. विचारण्यात संकोच कसला?

खरी गोम पुढेच आहे. या दोन वर्षांत लहान मुले, व्यसने, स्किझोफ्रेनिया सगळेच येते. म्हातारी माणसे किती पाहायला मिळाली, हे त्या त्या रुग्णालयावर ठरते. अमेरिकेत वृद्धांचे मानसशास्त्र ही वेगळी शाखा मानतात (तिथल्या संघटनेची मान्यता २०१० ची). २००६ मध्ये कोलोरॅडोत परिषद भरवून, या शाखेच्या माणसाला काय काय यायला हवे, ते त्यांनी लिहून काढले. वयानुसार होणारा साधा विसर कुठला आणि आजार कुठला, गोळ्यांमुळे येणारा गोंधळ, नैराश्य, सांभाळणाऱ्या सुनेची दमछाक, आणि आपले व्यवहार पाहण्याइतकी समज त्या माणसात आहे का (बँक, मृत्युपत्र, सह्या!) हे जोखणे.

आपल्याकडची अडचण आणखी वेगळी. आईला दिलेल्या प्रश्नांसारखी परीक्षा, एम.एम.एस.ई., १९७५ ची अमेरिकन. न शिकलेला माणूस तिच्यात आजाराशिवायच नापास होतो. म्हणून हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांतून काम करून संशोधकांनी तिचे हिंदी रूप घडवले, ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. शिवाय कुठलीही अशी छोटी परीक्षा म्हणजे फक्त चाळणी, निदान नव्हे. रक्त, थायरॉइड, बी-१२, कान, डोळे तपासल्याशिवाय निदानाचा कागद स्वीकारू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. एवढ्या माणसांना पुरतील इतके तयार मानसशास्त्रज्ञ कुठून आणणार?

तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा: साठीपुढचे रुग्ण नेहमी पाहता का? तपासणी मराठीत होईल का? शिक्षण किती झाले हे धरून गुण लावता का? शारजात दाखवायचे असेल तर आरोग्य मंत्रालयाचा परवाना पाहावा. आणि गावी एकटे असलेल्या आई-बाबांच्या फोनमध्ये भारत सरकारचे दोन मोफत नंबर आजच सेव्ह करून द्या: ज्येष्ठांसाठी १४५६७, मानसिक आरोग्यासाठी टेलीमानस १४४१६.