भ्रमणध्वनी केव्हा बदलला? : पारनेर तालुक्यातील एका घराच्या नोंदींवरून

(१)

घरगुती वस्तूंचा इतिहास लिहिताना साधनांची अडचण पहिल्या पावलालाच जाणवते. जमिनीचे कागद घरोघर जपलेले असतात. लग्नातील आहेराच्या याद्या व जुन्या देण्याघेण्याच्या वह्याही कोठेकोठे मिळतात. परंतु रोज हाताळली जाणारी वस्तू घरात केव्हा आली, किती वर्षे चालली आणि कोणत्या कारणाने बाजूस पडली, हे लिहून ठेवण्याची रीत आपल्याकडे नाही. अपवाद काय तो भांड्यांचा. तांब्यापितळेच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव, गाव व पुष्कळदा सालही कोरलेले असते. भ्रमणध्वनीवर असे कोणी काही कोरीत नाही. तो आपल्या डोळ्यांदेखत घरात आला. तरीही खरेदीचे साल विचारले असता एकाच घरातील चार माणसे चार साले सांगतात.

प्रस्तुत टिपणात अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबात, म्हणजे प्रस्तुत लेखकाच्याच घरात, २००५ ते २०२१ या काळात आलेल्या पाच फोनांचा क्रम लावला आहे. साधने तीन आहेत : पत्र्याच्या पेटीत राहिलेले दोन जुने फोन, खरेदीच्या पावत्या आणि वडिलांची खर्चाची वही. स्मरणाचा आधार जेथे घ्यावा लागला तेथे तो वहीशी ताडून पाहिला आहे. एका घराच्या पुराव्यावरून सबंध तालुक्याविषयी विधान करणे धाडसाचे होईल, याची लेखकास जाणीव आहे. परंतु प्रश्न मर्यादित आहे. फोन बदलण्याचा निर्णय प्रत्येक वेळी कोणी घेतला आणि कशावरून घेतला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

(२)

भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्ये झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्या काळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. त्यामुळे खेड्यातील माणसाने या यंत्राचा विचार करण्याचे कारणच नव्हते. २००३ साली येणारे कॉल निःशुल्क झाले, आणि फोन जवळ बाळगणे व फोनवर खर्च करणे या दोन निराळ्या गोष्टी झाल्या. पारनेरसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात, जेथील कितीतरी घरांतला एखादा तरी माणूस पोटासाठी मुंबईस असतो, हा फरक फार मोठा होता. तोपर्यंत मुंबईची खुशाली पत्राने वा बाजाराच्या गावातील एस.टी.डी. बूथवरून कळे.

वडिलांच्या वहीत २००५ च्या उन्हाळ्यात ‘फोन, नगर’ अशी नोंद आहे, आणि तिच्या वरच्याच ओळीत कांद्याची पट्टी जमा झाल्याची नोंद आहे. हा फोन नोकिया ११००. त्याच्या माथ्यावर लहानशी विजेरी असे. वीज रात्रीच्या पाळीत येई, तेव्हा मोटार चालू करण्यासाठी विहिरीवर जाताना तिचा उपयोग होई. वडिलांच्या मते निम्मे पैसे या विजेरीचेच होते. पुढील सोळा वर्षांत त्याची बॅटरी दोनदा व बटणांचे रबर एकदा बदलल्याचे वहीवरून दिसते. ही दोन्ही कामे आठवड्याच्या बाजारातच झाली. ‘चालतंय तवर चालवायचं’ हा त्यांचा नियम औताला, इंजिनाला व फोनला सारखाच लागू होता.

दुसरा फोन लेखकाने २०१२ साली स्वतःसाठी घेतला. तो पडद्यास स्पर्श करून चालविण्याचा असला तरी आजच्या अर्थाने स्मार्टफोन नव्हता. तिसरा २०१६ चा. त्या वर्षी ५ सप्टेंबरला रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि पहिले काही महिने बोलणे व इंटरनेट दोन्ही विनामूल्य मिळू लागले. मात्र त्या जाळ्यावर जुनी यंत्रे चालत नसत. लेखकाचा दुसरा फोन त्या दिवशी धडधाकट होता. तो जुना ठरला तो जाळे बदलले म्हणून.

चौथ्या फोनचे कारण शाळा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि जूनपासून पुतण्या-पुतणीचे वर्ग फोनवर भरू लागले. दोघांत एकही फोन नसल्याने लेखकाचा तिसरा फोन त्यांच्याकडे गेला व लेखकाने नवा घेतला. पाचवा वडिलांसाठी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठ्याने सातबाऱ्यावर लावावयाची पिकाची नोंद आता शेतकऱ्याने शेतात उभे राहून, पिकाच्या छायाचित्रासह, स्वतःच्या फोनवरून करावयाची होती. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची मुभा असल्याने वडिलांनी पहिल्या हंगामात शेजाऱ्याचा फोन वापरला. परंतु दुसऱ्याच्या हातून आपल्या सातबाऱ्याची नोंद व्हावी, हे त्यांना रुचले नाही. त्यावर्षीच्या दिवाळीत त्यांचा पहिला स्मार्टफोन घरात आला.

(३)

हा क्रम लावल्यावर एक गोष्ट प्रकर्षाने दिसते. पहिल्या फोननंतर चार फोन घेतले गेले, पण त्यांपैकी एकही आधीचा बिघडला म्हणून घेतलेला नाही. दुसऱ्याची हौस सोडली, तर तिसऱ्याच्या वेळी निर्णय जाळ्याने घेतला, चौथ्याच्या वेळी शाळेने आणि पाचव्याच्या वेळी महसुलाच्या कारभाराने. घरात मात्र आपण प्रत्येक वेळी ‘फोन बदलला’ असेच म्हणतो. या क्रियापदाचा कर्ता शोधू गेल्यास तो बहुधा घराबाहेर सापडतो.

लेखकाने दुसरा फोन हट्टाने ठेवला असता, तरी तो फार दिवस उपयोगी पडला नसता. २०१७ व २०१८ या दोन वर्षांत व्हॉट्सॲपने सिंबियन, ब्लॅकबेरी व नोकिया एस-४० या जुन्या प्रणालींवरील सेवा एकामागून एक थांबविली. यंत्र शाबूत असते, अक्षरे उमटतात, पण पलीकडचे दार बंद झालेले असते. जुन्या अवजाराला हे दुखणे नव्हते. नांगर मोडला तर सुतार तो दुरुस्त करी. तो कालबाह्य झाल्याचे दूरवरून कोणी कळवीत नसे.

हा निर्णय कोणाचा, हा प्रश्न सार्वजनिक रीतीनेही विचारला गेला आहे. अंगणवाडी सेविकांना शासनाने २०१९ मध्ये कामासाठी स्मार्टफोन दिले होते. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ या नव्या प्रणालीवर माहिती भरणे आवश्यक झाले, आणि ते भरणे त्या कमी क्षमतेच्या फोनांना झेपेना. दुरुस्तीचा भार आपल्यावर पडतो, माहिती इंग्रजीत भरावी लागते, अशाही तक्रारी होत्या. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी हे फोन शासनास परत करण्याचे आंदोलन केले. जुने यंत्र व नवी सक्ती यांमधील अंतर ज्याने निर्माण केले त्यानेच ते भरून काढावे, असा या कृतीचा अर्थ लावता येतो. युरोपीय संघाने जून २०२५ पासून याच दिशेने नियम लागू केला आहे. त्यानुसार फोनची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे उत्पादकाने त्याच्या प्रणालीतील सुधारणा पुरवावयाच्या असतात. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. म्हणजे ‘चालतंय तवर चालवायचं’ या नियमाला आता कायद्याचा आधार शोधावा लागत आहे.

(४)

येथवर यंत्राचा विचार झाला. यंत्रात जे साठते त्याचा विचार केल्याशिवाय हे टिपण पुरे होणार नाही, आणि या बाबतीत लेखकास स्वतःचा दोष नोंदविणे भाग आहे.

नगर शहर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी एकेकाळी प्रसिद्ध होते. १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरात या धंद्याची माहिती आली आहे. जुने भांडे मोडीत देऊन वजनाच्या हिशेबाने नवे घ्यावे, ही त्या बाजाराची चाल. धातू वाया जात नसे. पण भांड्यावर कोरलेले नाव व साल भट्टीत जाई. अशी किती साधने वितळली असतील, याबद्दल लेखकाने वर्गात अनेकदा हळहळ व्यक्त केली आहे.

त्याच लेखकाने २०१६ साली आपला दुसरा फोन दुकानात मोडीत दिला. २०१४ च्या एका पहाटे आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या त्या फोनमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या होत्या. त्या काढून घेता येण्याजोग्या कार्डावर नसून यंत्राच्या पोटात होत्या, हे पुढे लक्षात आले. तोवर फोन कोठल्या कोठे गेला होता. आई २०१७ मध्ये वारली. तिच्या आवाजाचा दुसरा पुरावा घरात नाही. दुकानदाराने जुन्या फोनपोटी पाचशे रुपये वजा केल्याचे पावतीवर आहे. ती पावती लेखकाने जपून ठेवली आहे.

वडिलांनी याहून शहाणपणा दाखविला. २०२१ मध्ये नवा फोन आल्यावर नोकियातील त्रेचाळीस नावे नव्यात उतरवून घेण्याचे काम लेखकाकडे आले. ती यादी म्हणजे त्या काळातील शेतीचा एक लहानसा दफ्तरच आहे. तीत आडत आहे, डेअरी आहे, वायरमन आहे, ट्रॅक्टरवाला व गुरांचा डॉक्टर आहे, आणि मुंबईची नऊ घरे आहेत. त्यांपैकी सात माणसे हयात नव्हती. ती वगळू का, असे विचारता वडील म्हणाले, “असू दे. नंबर काय खायला मागतोय?” त्रेचाळीसही नावे प्रथम वहीत व मग नव्या फोनमध्ये लिहिली. जुना फोन पेटीत ठेवण्यापूर्वी त्यांनी त्याच्या खोक्यावर खरेदीचे साल व स्वतःचे नाव घातले.

फोन केव्हा बदलावा, याचे उत्तर पुष्कळदा आपल्या हाती राहिलेले नाही. परंतु बदलताना काय उतरवून घ्यावे, हे अजून आपल्याच हाती आहे. विभागाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील जुन्या फोनांची अशी नोंद करावी, असे सुचवावेसे वाटते. खरेदीचे साल, बदलाचे कारण, आतील नावे आणि आवाज या चार गोष्टी वहीत उतराव्यात, आणि त्या फोन दुकानात नेण्यापूर्वी उतराव्यात.