सान्युतेई एन्चो : वाणीकडून गद्याकडे

‘राकुगो’ या जपानी कथनप्रकाराची सामग्री अगदी थोडी असते : एक बैठक, एक पंखा आणि एक रुमाल. कथेकरी जागचा न उठता आवाज आणि मानेची दिशा बदलून अनेक पात्रे उभी करतो व ‘ओची’ नावाच्या चमत्कृतिपूर्ण वाक्याने कथा संपवतो. एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, ‘योसे’ या लहान रंगगृहांत वाढलेल्या या विनोदप्रधान कलेला साहित्येतिहासात स्थान मिळाले ते मुख्यतः सान्युतेई एन्चो (१८३९–१९००) याच्यामुळे.

कथेकऱ्याच्याच घरात जन्मलेला एन्चो बालवयातच रंगमंचावर आला. तरुणपणी तो नेपथ्य व वाद्ये यांच्या साहाय्याने कथा रंगवी. शिष्य सांगणार असलेली कथा गुरू दुसरा एन्शो आधीच सांगून टाकी, म्हणून एन्चो स्वतः कथा रचू लागला, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते. १८५९ मध्ये त्याने कासानेची भयकथा रचली. हसविण्याच्या कलेत त्याने भय आणि करुण यांनाही असे स्थान दिले. १८७२ मध्ये नेपथ्याचे सर्व साहित्य शिष्याच्या स्वाधीन करून तो केवळ पंख्यानिशी बैठकीवर बसू लागला. आता सारा भार शब्दावर आला.

याच शब्दाला १८८४ मध्ये नवे माध्यम लाभले. वाकाबायाशी कान्झो आणि साकाई शोझो यांनी लघुलिपीत टिपून घेतलेली ‘काइदान बोतान दोरो’ ही त्याची कथा छापून निघाली. लेखनाची भाषा बोलीपासून फार दूर गेलेली असण्याचा तो काळ होता. काय लिहावे हे ठाऊक असूनही कसे लिहावे, या पेचात सापडलेल्या फुताबातेई शिमेई याला त्सुबोउची शोयो याने एन्चोच्या कथनासारखे लिहून पाहण्याचा सल्ला दिला. १८८७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली ‘उकिगुमो’ ही आधुनिक जपानी कादंबरीची पायाभूत कृती या प्रयत्नातून आकारास आली.

या लाभाला हानीची एक बाजू आहे. लघुलिपीने शब्द राखले. विराम, नजर आणि श्रोत्यांच्या हशाने बदलणारी लय मात्र तिला टिपता आली नाही. झेनसाधनेत एन्चोला मिळालेले ‘मुझेत्सु’, म्हणजे ‘जिव्हारहित’, हे नाव यानाका येथील झेनशोआन मंदिरातील त्याच्या समाधिशिलेवर कोरलेले आहे. छापील पानावरचा एन्चोही याच अर्थाने जिव्हारहित आहे. तरीही एका भाषेच्या गद्याला बोलते करण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते.