टपाखालचे अस्तर : मोटारीच्या छताचा एक दुर्लक्षित इतिहास (धागा)

साठच्या दशकातील पोर्शे ९११ मध्ये बसून वर पाहिले, तर छताचे अस्तर बहुधा अजूनही ताठ दिसते. त्याच कंपनीच्या ऐंशीच्या दशकातील ९४४ मध्ये ते अनेकदा सुटून, झोळीसारखे लोंबून चालकाच्या केसांना टेकलेले असते. वयाने वीस वर्षे लहान असलेली गाडी आधी का थकावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना कारागिरी, रसायनशास्त्र आणि कारखान्यातले घड्याळ या तिन्हींकडे पाहावे लागते.

आरंभ घोडागाडीपासून करावा लागेल. मोटारीच्या छताला आतून कापड लावण्याची रीत बग्गी बांधणाऱ्या कारागिरांकडून आली. लाकडी सांगाडा, त्यावर पाणी न शिरणारे मेणकापडासारखे आवरण आणि आतून लोकरी अस्तर, अशी ही रचना होती. मात्र प्रारंभीच्या बहुतेक मोटारी उघड्याच असत. अमेरिकेत १९१९ च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी बंद टपाच्या जेमतेम १० टक्के होत्या. १९२७ पर्यंत हे प्रमाण ८५ टक्क्यांवर गेले. अवघ्या आठ वर्षांत मोटारीला ‘खोली’चे रूप आले, आणि खोली म्हटली की छत आलेच.

गंमत अशी की, गाडीचे बाकी अंग पोलादी झाल्यावरही टपाचा मधला भाग बराच काळ कापडीच राहिला, कारण तेवढा रुंद पत्रा अखंड मिळत नसे आणि एका दाबात त्याला आकारही देता येत नसे. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना अखंड पोलादी टप दिला आणि ही अडचण सरली. पण पत्रा पावसात ढोलासारखा वाजतो आणि उन्हात तव्यासारखा तापतो. तोवर शोभेची वस्तू असलेल्या अस्तराकडे आता आवाज आणि उष्णता अडवण्याचे कामही आले.

याच सुमारास जर्मनीत उलट दिशेने विचार चालू होता : बंद टपाला पुन्हा भोक पाडायचे. विल्हेल्म बायर यांनी १९०१ मध्ये स्थापलेली वेबास्टो ही कंपनी तिसाव्या दशकात घडीचे कापडी टप बनवू लागली. (कंपनीच्या नावात विल्हेल्म, बायर आणि श्टॉकडॉर्फ हे गाव अशी तिन्हींची आद्याक्षरे दडलेली आहेत.) पुढे सरकणारे पोलादी सनरूफ आले.

सनरूफविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. त्याची रबरी कड पाणी पूर्णपणे अडवते असे अनेकांना वाटते. वास्तविक थोडे पाणी आत येणार हे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते. झाकणाभोवती पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून निघालेल्या नळ्या ते पाणी गाडीखाली सोडतात. नळी पानांनी किंवा मातीने तुंबली की पाणी पन्हळीबाहेर पडते, आणि त्याच्या वाटेवर पहिले लागते ते अस्तर.

आता मूळ प्रश्नाकडे. १९६३ मध्ये फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम दिसलेल्या ९११ चे अस्तर जुन्या बग्गीच्या परंपरेतले आहे. बारीक छिद्रांचे रेक्झीन, त्याच्या पाठीला शिवलेल्या कापडी नळ्या, त्यांत ओवलेल्या पोलादी तारेच्या कमानी. कमानींवर रेक्झीन तंबूसारखे ताणायचे आणि कडा काचांच्या चौकटीत चिकटवायच्या. ताण कापडात असल्याने मधल्या भागाला गमाची गरज पडत नाही. पण बदलायचे झाले, तर पुढची आणि मागची अशा दोन्ही काचा काढाव्या लागतात. सनरूफ असेल तर चौथऱ्याच्या मध्येच आणखी एक कड निर्माण होते. तिथे ताण किंचित चुकला तरी कोपऱ्यात चुणी उमटते. हे काम अनुभवी कुशनवाल्याचेच.

पॉलीयुरेथेनचा शोध ऑटो बायर आणि सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लेव्हरकुझेन येथे लावला. त्याचा मऊ फोम पन्नाशीच्या दशकात बाजारात आला. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील अस्तर त्यावरच उभे आहे. साच्यात घडवलेला कडक तक्ता, त्यावर फोमचा पातळ थर, त्याला जोडलेले कापड. सगळे बाहेर तयार करायचे आणि जोडणीच्या रांगेत एका झटक्यात वर बसवायचे. ताणणे नाही, शिवण नाही. पुढे उष्णता, दमट हवा आणि प्राणवायू यांनी फोमचे रेणू तुटत जातात. कापड शाबूत, तक्ता शाबूत, मधला फोम मात्र भुगा. या रचनेला मूर्खपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तिने गाड्या हलक्या, शांत आणि स्वस्त केल्या. फक्त चाळीस वर्षांनंतरच्या मालकाचा विचार तिच्या हिशेबात नव्हता.

विरोधाभास असा की, हे अल्पायुषी अस्तर दुरुस्तीला सोपे आहे. ९४४ च्या सनरूफचा पत्रा मागून उचलता येतो किंवा पूर्ण काढून ठेवता येतो. त्याच्या आतल्या बाजूचे अस्तर वेगळे असते. प्रथम तो पत्रा, सावलीच्या झडपा, दिवा आणि खांबांवरची आवरणे काढायची. मग तक्ता खाली घेऊन मागच्या मोठ्या दारातून, न वाकवता, बाहेर आणायचा. फोमचा भुगा मऊ ब्रशने पूर्ण निघाला पाहिजे. राहिलेल्या भुग्यावर नवा गम धरत नाही. गम उष्णता सोसणाराच हवा, कारण भर उन्हातल्या टपाखाली साधा गम सुटतो. नवे कापड मध्यापासून कडांकडे बसवायचे. सनरूफच्या तोंडाशी दोन-तीन सेंटिमीटर कापड मागे दुमडण्यासाठी राखायचे, आणि कोपऱ्यांत छेद देताना तो कडेपर्यंत न्यायचा नाही. नळ्यांत पाणी ओतून पाहणे मात्र या सगळ्याच्या आधी.

तरीही धोका ९४४ लाच अधिक. ९११ ला आज इतकी किंमत आहे की दोन काचा काढण्याचा खर्च कोणीही सोसतो. ९४४ एक लाख साठ हजारांहून अधिक बनल्या. त्यामुळे ती दुर्मीळ मानली जात नाही, आणि लोंबते छत पाहून गिऱ्हाईक मागे फिरते. पन्नास वर्षांनी ऐंशीच्या दशकातील सामान्य स्पोर्ट्स कार कशी होती हे अभ्यासणाऱ्याच्या हाती काय उरेल, हे अशा क्षुल्लक वाटणाऱ्या दुरुस्त्यांवर ठरते आहे.

म्हणून, कोणी हे काम हाती घेतलेच, तर जुने कापड सरसकट फेकू नये ही विनंती. सनरूफच्या पत्र्याखाली ऊन न लागलेला एखादा तुकडा सापडतो. मूळ रंग आणि वीण तिथेच टिकलेली असते. तो वहीच्या पानाएवढा कापून, फोम झटकून, तारीख आणि गाडीचा क्रमांक लिहून कागदी पाकिटात ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल धरते.