मदात्यय, खुमार आणि उतारा : नगर जिल्ह्याच्या इतिहासातील एक उपेक्षित विषय

मद्यपानासंबंधी लिहिणाऱ्या इतिहासकारांचे लक्ष बहुधा रात्रीकडे असते. दुसऱ्या दिवसाची सकाळ त्यांच्या लेखनात क्वचितच उगवते. मद्य कोणते होते, ते कोठून येई, त्यावर कर किती होता, या प्रश्नांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु पिणाऱ्याचे डोके दुसऱ्या दिवशी कसे ठणकले व त्याने त्यावर काय उपाय केला, हा विषय क्षुद्र समजून बाजूस सारला जातो. तो तसा क्षुद्र नाही, हे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यापुरते दाखविण्याचा प्रस्तुत टिपणात प्रयत्न केला आहे.

या जिल्ह्यात मद्याचा व्यवहार फार जुना असावा. प्रवरेच्या काठी नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. त्याचा वृत्तांत १९६० साली प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन थरांत भूमध्यसागरी धर्तीच्या दोन कानांच्या कुंभांची खापरे तेथे मिळाली. असे कुंभ मुख्यतः द्राक्षमद्य वाहून नेण्यासाठी वापरीत. भारतात सापडलेल्या अशा खापरांपैकी बरीचशी रोमन नसून मेसोपोटेमियातील डांबर लावलेल्या रांजणांची आहेत, असे पुढील संशोधनाने दाखविले आहे. तेव्हा केवळ खापरावरून फार मोठा इमला रचू नये. दूरदेशीचा माल समुद्रकिनाऱ्यापासून घाट चढून गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत येत होता, एवढे मात्र निश्चित.

त्या काळच्या संपन्न पिणाऱ्याने दुसऱ्या दिवशी काय करावे, याचे उत्तर वैद्यकग्रंथांत आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय संपूर्णपणे मदात्ययावर आहे. सुश्रुताने उत्तरतंत्राच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम असे चार प्रकार सांगितले आहेत. यांपैकी पानाजीर्ण, म्हणजे न पचलेले मद्य, ही कल्पना आपल्या विषयाला सर्वांत जवळची होय.

चरकाचे विवेचन वाचताना दोन गोष्टी विशेषत्वाने जाणवतात. पहिली ही की, तो उपचाराच्या अगोदर प्रतिबंध सांगतो. वातप्रकृतीच्या माणसाने अभ्यंग करून, स्निग्ध व उष्ण अन्न घेऊन प्यावे. पित्तप्रकृतीच्या माणसाने शीतल उपचारांसह व मधुर अन्नासह. कफप्रकृतीच्या माणसाने जव, गहू व मिरी घातलेला जांगल मांसरस यांसह. विधीने घेतलेले मद्य अमृतासारखे आणि अविधीने घेतलेले विषासारखे, हा त्याचा सिद्धांत आहे. रिकाम्या पोटी पिऊ नये हा आजचा साधा सल्ला याच विधीत सामावलेला दिसेल. मात्र हा विधी कोणासाठी आहे तेही पाहिले पाहिजे. उद्यान, पुष्पमाला, सोन्यारुप्याची पात्रे, सेवेस तत्पर परिजन हे सर्व त्यात गृहीत आहे. मोलमजुरी करून सायंकाळी गुत्त्यावर जाणारा माणूस चरकाच्या डोळ्यांसमोर नाही.

दुसरी गोष्ट अधिक मनोरंजक आहे. अतिपानाने बिघडलेल्या रोग्यास चरक मद्यच देतो, पण बेताने आणि संस्कार करून. त्याचे कारणही तो देतो. अतिपानाने अन्नरसाचा विदाह होऊन तो क्षारस्वरूप होतो; क्षाराला आम्लाचा योग झाला की त्यास माधुर्य येते; आणि मद्य हे आम्ल द्रव्यांत श्रेष्ठ. आजच्या शरीरशास्त्राला ही उपपत्ती मान्य होणार नाही. परंतु ती एकदा लक्षात घेतली म्हणजे आपल्याकडील बहुतेक घरगुती उपायांची संगती लागते. सूत्रस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात मद्यविकारांवर एक मंथ सांगितला आहे. खजूर, मनुका, कोकम, चिंच, डाळिंब, फालसा आणि आवळा ही त्यातील द्रव्ये. गोड व आंबट यांचे पाण्यात कालवलेले हे मिश्रण म्हणजे पाणी, साखर व फळांतील क्षार एकत्र देण्याचीच युक्ती होय. ताक, लिंबाचे सरबत, चिंचेचे पाणी या गावोगावच्या उपायांचे कूळही हेच असावे, असे आम्हांस वाटते. पुढे रोग्याची स्थिती सुधारल्यावर चरक मद्य बंद करून दुधावर आणतो. मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध, आणि दूध ओजाला पोषक, हा त्यामागील विचार.

नगर शहराची स्थापना मलिक अहमदने इ. स. १४९० मध्ये केली. निजामशाहीच्या दरबारात आयुर्वेदाच्या शेजारी युनानी वैद्यक आले, आणि त्याबरोबर या विकाराचे नवे नावही आले : खुमार. 'खम्र' म्हणजे मद्य, आणि 'खुमार' म्हणजे त्या मद्याने मागे ठेवलेली शिरोवेदना व ग्लानी. युनानी ग्रंथांतून यावर जे सांगितले आहे त्यातही आंबट डाळिंब व सिरक्याचे सिकंजबीन, म्हणजे आम्लच, पुढे येते. बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही व चिकित्सक असलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधिसंवादांत चिंचेची पित्तशामक रेचक म्हणून प्रशंसा केली आहे. युनानी, आयुर्वेदीय आणि युरोपीय अशा तिन्ही परंपरांचे वैद्य ज्या थोड्या द्रव्यांविषयी एकमताने बोलू शकत होते, त्यांत चिंचेची गणना करावयास हरकत नाही.

येथे भाषेच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. फारसीतील हा 'खुमार' मराठीत 'खुमारी' झाला आणि त्याचा अर्थ जवळजवळ उलटला. आज आपण गाण्याची खुमारी म्हणतो, कथेची खुमारी म्हणतो. त्यात वेदनेचा लेशही उरलेला नाही. फारसी कवींनी प्रेयसीच्या मद्यालस, अर्धोन्मीलित नेत्रांना या शब्दाने जे लावण्य दिले, त्याच वाटेने हे अर्थांतर झाले असावे. दुखणे विसरले गेले, डोळे तेवढे राहिले. उलट 'उतारा' हा देशी शब्द मात्र अर्थाला घट्ट धरून आहे. नशा डोक्यात चढते, ती खाली उतरविली पाहिजे. विषाचाही उतारा आणि दारूचाही उताराच. दरबाराने शब्दातून सुख घेतले आणि गावाने उपाय घेतला, असे थोड्या अतिशयोक्तीने म्हणता येईल.

या उताऱ्यावरचा विश्वास एका गृहीतावर उभा होता : प्यालेले मद्य ओळखीचे आहे. अकोले भागातील डोंगराळ गावांत मोहाच्या फुलांची दारू घरी गाळली जाई. तिचा जोम व तिचा दुसरा दिवस पिणाऱ्यास ठाऊक असे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळप व विक्री सरकारी परवान्याच्या कक्षेत आणली. १९४९ चा दारूबंदीचा कायदा होऊन १९५० पासून मुंबई राज्यात सर्वत्र बंदी झाली, ती पुढे साठीच्या व सत्तरीच्या दशकांत सैल झाली. या दीर्घ काळात काळा गूळ व नवसागर यांची हातभट्टी फोफावली. जिच्यात काय आहे हे विकणाराही धड सांगू शकत नाही, अशी दारू गरीब माणसाच्या वाट्यास आली. तिचा उतारा कोणत्या ग्रंथात शोधावयाचा?

जिल्ह्यात ग्रंथांचा अभाव होता असे नाही. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली नगर येथे आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले, आणि त्यांचे औषधिगुणधर्मशास्त्र महाराष्ट्रातील वैद्यांच्या हाती सर्वत्र गेले. परंतु हातभट्टीच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते वैद्यकाकडून नव्हे. सैन्यातून निवृत्त झालेले अण्णा हजारे १९७५ साली पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या आपल्या गावी परतले, आणि गावकऱ्यांनी तेथील दारूभट्ट्या बंद पाडल्या. न ऐकणाऱ्यांस देवळाजवळच्या खांबाला बांधून मारण्यापर्यंत तेथे मजल गेली. ही शिक्षा आम्हांस समर्थनीय वाटत नाही. पण ज्या बायकांच्या घरी रोज दुसरा दिवस उगवत होता, त्यांचे मत वेगळे असणे स्वाभाविक होते. चरकाने मदात्ययाच्या अध्यायात अखेरीस, सर्व मद्यांपासून निवृत्त झालेल्या जितेन्द्रिय माणसास हे विकार बाधत नाहीत, असे म्हटले आहे. इतके उपचार सांगून झाल्यावर आलेले ते विधान राळेगणच्या संदर्भात निराळेच वाटते.

आधुनिक संशोधनानेही उताऱ्यांना फारसे अभय दिलेले नाही. २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या विषयावरील नियंत्रित प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध झाला. खुमारावर परिणामकारक ठरेल असा एकही उपाय त्यात निर्विवाद सिद्ध झालेला आढळला नाही. पाणी, अन्न, विश्रांती आणि वेळ एवढेच हाती राहते. प्राचीन रोमन लेखक केटो मेजवानीपूर्वी कच्चा कोबी खावा असे सांगतो. त्याचीही गत आपल्या चिंचेसारखीच.

फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या दिवसांत नगर तालुक्यातील पांगरमल येथे मेजवानीत विषारी दारू पिऊन अनेक माणसे मृत्युमुखी पडली. देशात अशा ज्या दुर्घटना घडतात त्यांमागे पुष्कळदा औद्योगिक मिथेनॉलची भेसळ असते. मिथेनॉलचे विष तत्काळ दिसत नाही. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होण्यास वेळ लागतो, आणि बारा ते चोवीस तासांनी डोकेदुखी, ओकारी व पोटदुखी सुरू होते. म्हणजे नेमकी तीच लक्षणे, ज्यांवर घरात ताक दिले जाते व माणसाला निजविले जाते. दृष्टी धूसर होऊ लागली की ओळख पटते, पण तोवर बहुमोल तास गेलेले असतात. अशा रोग्यास विनाविलंब रुग्णालयातच नेले पाहिजे. तेथे फोमेपिझोल नसेल तर डॉक्टर मोजून शुद्ध इथेनॉल देतात, कारण यकृतातील एकाच विकरासाठी दोन्ही मद्यांची स्पर्धा लागते आणि मिथेनॉलचे विषात रूपांतर खोळंबते. मद्यावर मद्य देण्याचा चरकाचा प्रयोग, त्याला अज्ञात असलेल्या कारणासाठी व त्याला अज्ञात असलेल्या विषावर, आज रुग्णालयात होतो तो एवढाच.