व्यष्टी अध्ययन पद्धती : देवास व धार

व्यष्टी अध्ययन पद्धती. सामाजिक शास्त्रांतील एक संशोधनपद्धती. एखादे गाव, कुटुंब, संस्था, घटना किंवा व्यवसाय हे एकक धरून त्याचा त्याच्या मूळ परिस्थितीत, अनेक प्रकारच्या पुराव्यांच्या आधारे केलेला सखोल अभ्यास म्हणजे व्यष्टी अध्ययन. व्यक्ती अभ्यास, एकक अध्ययन अशीही नावे पाठ्यपुस्तकांत आढळतात. विद्यापीठांत व कचेऱ्यांत सर्रास ‘केस स्टडी’ म्हणतात. सर्वेक्षणात थोडे प्रश्न पुष्कळांना विचारले जातात, तर येथे एकाच एककाला पुष्कळ प्रश्न विचारले जातात. माळव्यातील देवास व धार या जुन्या पवार संस्थानांच्या मुलखात या पद्धतीची बलस्थाने व मर्यादा दाखवणारी उदाहरणे जवळजवळ सापडतात.

पूर्वपीठिका : फ्रान्समध्ये फ्रेडरिक ल प्ले यांनी कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचे तपशीलवार अभ्यास १८५५ मध्ये प्रसिद्ध केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांनी आणि पुढे मँचेस्टरच्या मानवशास्त्रज्ञांनी ही पद्धती रुजवली. तिची शिस्त रॉबर्ट यिन (१९८४) व रॉबर्ट स्टेक (१९९५) यांच्या ग्रंथांनी ठरवून दिली. महाराष्ट्रात हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये, तर ना. वि. कानिटकरांसह जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. टॉमस कोट्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वर्णन केलेल्या लोणी (लोणीकंद) या गावाकडे गो. स. घुर्ये पुन्हा वळले आणि त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये निघाला. एकाच गावाकडे काही काळाने परत जाण्याची ही रीत पुढे देवासच्या अभ्यासातही दिसते.

रामखेडी : ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ एड्रियन मेयर यांनी १९५४ ते १९५६ या काळात देवास जिल्ह्यातील एका खेड्यात राहून क्षेत्रकार्य केले. गावकऱ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून गावाला ‘रामखेडी’ हे बनावट नाव दिले. मध्य भारतातील जात व नातेसंबंध हा विषय असलेला त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये निघाला. गाव आणि त्याचा परिसर असा दुहेरी विषय त्याच्या उपशीर्षकातच नोंदलेला आहे.

गावात वीसहून अधिक जाती होत्या. कोण कोणाच्या हातचे खातो, कोण कोणाच्या पंगतीला बसतो, पाणी कोणाकडून घेतो याच्या नोंदी मेयर यांनी जातवार केल्या. पाण्यात शिजवलेले ‘कच्चे’ अन्न आणि तुपात तळलेले ‘पक्के’ अन्न यांचे नियम वेगळे होते. चिलमीचे नियम त्याहून सैल होते. भाकरी ज्यांच्या हातची चालत नसे, त्यांच्याबरोबर चिलीम मात्र चाले. काही जातींच्या बाबतीत चिलीम आणि ओठ यांच्यामध्ये आपापली छापी, म्हणजे चिलमीला लावायचे फडके, धरले की भागे. उच्चनीचतेच्या सरधोपट उतरंडीत न बसणारा हा तपशील प्रश्नावलीतून हाती लागणे अवघड. तो ओट्यावर बसून पाहावा लागतो.

याच नोंदींतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. राजपूत मांसाहारी, तर खाती हे शेतकरी शाकाहारी. शुद्धतेचा नियम सर्वत्र सारखा चालत असता, तर खातींचे पारडे जड व्हायला हवे होते. प्रत्यक्षात राजपुतांभोवती परस्परांच्या हातचे कच्चे अन्न खाणाऱ्या ‘मित्र’ जातींचा गट उभा होता आणि खाती आपला सोवळेपणा जपत त्या गटाबाहेर राहिले होते. हा दाखला जातिव्यवस्थेवरील पुढच्या सैद्धांतिक चर्चेत, विशेषतः लुई द्युमाँ यांच्या लेखनात, वारंवार आला. गावात व्यवहार जातीजातींमध्ये होतो, गावाबाहेर मात्र सोयरिकीमुळे पोटजात महत्त्वाची ठरते, ही मेयर यांची दुसरी मांडणी. नवरानवरीच्या गावांचा माग काढत ते शिवेबाहेर गेले नसते, तर ती हाती लागली नसती.

मेयर १९९२ पर्यंत या गावाच्या संपर्कात राहिले. चार दशकांतील बदलांवरचा त्यांचा निबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. सार्वजनिक ठिकाणच्या खाण्यापिण्याचे निर्बंध सैलावले, पण लग्ने जातीतच होत राहिली. एका भेटीत यातील एकच बाजू दिसली असती.

नगरपालिकेची निवडणूक : एकक नेहमी गावच असते असे नाही. १९६१ च्या देवास नगरपालिका निवडणुकीत उमेदवाराने मते कशी गोळा केली, याचा मेयर यांनी माग काढला. उमेदवार, त्याचा माणूस, त्या माणसाचा माणूस अशी साखळी मांडल्यावर नाते, जात, पक्ष, कामगार संघटना, तालीम असे नाना प्रकारचे दुवे पुढे आले. ही जमवाजमव त्या कामापुरती असते आणि काम झाले की विरते. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाने राजकारणाच्या अभ्यासाला एक संकल्पना दिली, ती एका वॉर्डाच्या बारकाव्यांतून.

दोन पाती : तुकोजी व जिवाजी पवार या बंधूंनी १७२८ मध्ये पाया घातलेल्या देवासमध्ये थोरली व धाकटी अशा दोन पाती, म्हणजे एकाच गावात दोन स्वतंत्र संस्थाने नांदत होती. घराणे, भाषा, हवामान आणि बाजारपेठ एकच. राजे मात्र दोन. तौलनिक व्यष्टी अध्ययनाला याहून सोयीची रचना क्वचितच मिळते. धारचे पवार संस्थान तिसरे एकक म्हणून जोडले की तुलना आणखी टोकदार होते.

येथे साधनांची पारख मात्र करावी लागते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचे खाजगी चिटणीस होते. त्यांचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पत्रे व आठवणींचे पुस्तक १९५३ मध्ये निघाले. राजवाड्यातील उत्सव, खर्च आणि गोंधळ यांचे असे जवळून घेतलेले चित्र दुसरीकडे नाही. पण लेखक महाराजांचा स्नेही होता आणि पत्रे घरच्यांसाठी लिहिलेली होती. संस्थान कर्जबाजारी होऊन महाराज पाँडिचेरीला गेले आणि तेथेच १९३७ मध्ये वारले. त्याची कारणे शोधताना दप्तर, दरबारी हिशेब आणि ब्रिटिश रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार यांच्याशी हे पुस्तक ताडूनच वापरले पाहिजे. अनेक साधने परस्परांशी ताडणे हा या पद्धतीचा कणा आहे.

शेततळी : देवासला एकेकाळी रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. खोल कूपनलिका आटत चालल्यावर २००६ पासून जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांना स्वतःच्या जमिनीत तळी खोदण्यास प्रवृत्त केले. मोठ्या तळ्यांना ‘रेवासागर’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या संशोधकांनी या शेततळ्यांचा खर्च, फायदा आणि शेतकऱ्यांचे मत यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. शेततळ्याच्या पाण्यावर रब्बीचे क्षेत्र वाढते आणि गुंतवणूक थोड्या वर्षांत वसूल होते, असे त्यातून दिसले. हा निष्कर्ष दुसरीकडे लावताना माळव्याची पाणी धरून ठेवणारी काळी चिकण माती आणि जमिनीचा तुकडा तळ्यासाठी सोडू शकणारा शेतकरी या दोन अटी विसरून चालत नाही. मुरमाड जमिनीत तळ्यातले पाणी मुरून जाते.

एककाची हद्द : अभ्यास कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे आधी ठरवावे लागते. धार जिल्ह्यातील कुक्षी तालुक्यात ही अडचण ठळक होते. सरदार सरोवर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. निसरपूर, चिखल्दा ही नर्मदाकाठची गावे बुडिताखाली गेली आणि लोक वसाहतींत विखुरले. अशा ठिकाणी ‘गाव’ म्हणजे महसुली नोंद, जुना पाणवठा की विखुरलेली माणसे, याचे उत्तर संशोधकाने पहिल्या प्रकरणातच द्यावे. याच जिल्ह्यातील बागच्या ठशांच्या कापडाचा अभ्यास करणाऱ्याला कारागिराचे घर हे एकक पुरत नाही. तुरटीने लाल आणि लोखंडाच्या गंजाने काळा रंग धरतो, धावड्याची फुले घालून कापड उकळतात, ते नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात. म्हणून रंग, पाणी व बाजार यांसह सगळी प्रक्रियाच एकक धरावी लागते.

आक्षेप व मर्यादा : शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका भांड्यातला भात सारखा शिजतो. गावे तशी नसतात, हा या पद्धतीवरचा जुना आक्षेप. त्याला उत्तर असे की येथे सामान्यीकरण संख्येकडे नसून सिद्धांताकडे जाते. शुद्धता ठरवते तीच उतरंड, या विधानाला रामखेडीचा एकच दाखला धक्का देऊ शकतो. संशोधकाचा कल, यजमानांचा प्रभाव आणि सोयीचे तेवढेच पुरावे निवडण्याचा मोह हे धोके खरे आहेत. आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारा पुरावा मुद्दाम शोधणे, टिपणे जपून ठेवणे आणि शक्य तर पुन्हा त्याच ठिकाणी जाणे हे त्यावरचे उपाय. नाव बदलले तरी लहान गावात माणूस ओळखू येतो, त्यामुळे संमतीची जबाबदारी नावाबरोबर संपत नाही.

माळव्यात रामखेडीसारखी गावे किती, हे व्यष्टी अध्ययन सांगू शकत नाही. तसा प्रश्न असेल तर सर्वेक्षणच करावे. अशा गावात चिलीम चालते आणि भाकरी का चालत नाही, या प्रश्नासाठी मात्र गावात मुक्कामच करावा लागतो.